ओंडक्यांची आवडनिवड

लाकूड कातणाऱ्या माणसाला ‘तुमचं आवडतं लाकूड कोणतं?’ हा प्रश्न पानावर बसल्यावर विचारू नये. आमटी निवते, भाताची शितं वाळतात आणि उत्तर काही मिळत नाही. कारण तो आधी विचारतो, ‘कशासाठी?’ मग, ‘ओलं की वाळलेलं?’ मग, ‘माझ्याकडचं धरून की बाजारातलं?’ आणि एवढं झाल्यावर तो हात न धुताच उठतो, आतून एक ठोकळा आणून आपल्या ताटाशेजारी ठेवतो आणि म्हणतो, ‘हे ओळखा.’ आपण ‘साग’ म्हणायचं. शंभरातल्या नव्वद ठोकळ्यांना ते चुकतं, पण त्याला तेच ऐकायचं असतं.

आपल्याकडे कातणाऱ्यांच्या दोन जमाती आहेत. पहिली पोटासाठी कातणारी. लाटणी, भोवरे, पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे, तबल्याचे गठ्ठे हे सगळं यांच्या लेथवरून खाली उतरतं. आवडत्या लाकडाबद्दल विचारलं तर हे लोक मशीन न थांबवता सांगतात, ‘गिऱ्हाईक देईल ते.’ दुसरी जमात निवृत्तीनंतर कातायला लागलेल्यांची. यांना गिऱ्हाईक नसतं, त्यामुळे मतं भरपूर असतात. आमचे मेहुणे या दुसऱ्या जमातीतले. बँकेत उभा जन्म इतरांच्या कर्जाला तारण काय हे तपासण्यात गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी फंडाच्या पैशांतून लेथ मशीन घेतलं आणि पुण्यातल्या आपल्या इमारतीच्या बंद गॅरेजात बसवलं. तेव्हापासून त्यांची गाडी पावसात असते.

मराठी मनातली लाकडांची उतरंड पक्की आहे. सर्वांत वर सागवान. त्याखाली शिसवी, पण ज्या घरात आजोबांचा शिसवी पलंग आहे तिथे शिसवी वर आणि साग खाली. उरलेलं सगळं जंगली लाकूड, म्हणजे स्लॅबच्या सेंटरिंगला लागणाऱ्या फळ्या. नवीन घर दाखवणारा माणूस दारावर टिचकी मारून ‘अस्सल सागवान’ म्हणतो तेव्हा पाहुण्यानंही एक टिचकी मारून मान हलवायची असते. आवाजावरून दोघांनाही काही कळलेलं नसतं.

सागाला ही प्रतिष्ठा फुकट मिळालेली नाही. हवेत ओल आली काय, गेली काय, साग फारसा फुगत नाही की आकसत नाही. अंगच्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं. म्हणजे पेशवाई बुडाली आणि हे तरंगत राहिलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत आहे आणि अजून तरंगतंय. आमच्या इमारतीची गच्ची पहिल्याच पावसाळ्यात गळली होती.

पण हाच साग लेथवर चढला की त्याचे गुण दिसतात. त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे सरळ सांगायचं तर वाळूच. ती हत्याराची धार खाते. मेहुणे साग कातायला बसले की पाच मिनिटं लेथचा आवाज आणि दहा मिनिटं धार लावण्याच्या चाकाचा. तेलामुळे गोंद नीट धरत नाही. बारीक भुशानं काही जणांच्या अंगाला खाज सुटते, आणि मेहुणे त्या काहींपैकी आहेत. ‘साग दारालाच बरा,’ असं ते कोपर खाजवत सांगतात. मात्र एखादा जुना वाडा पाडताहेत असं कळलं की हेच मेहुणे सकाळी सातला तिथे हजर असतात. वाड्याच्या तुळईतला साग दीडशे वर्षं वाळलेला असतो, त्याचा रंग गडद होऊन मुरलेला असतो, आणि त्यात हमखास एक खिळा असतो. तो वरून दिसत नाही. पटाशीला दिसतो. पटाशीचा कोपरा उडाल्यावर मेहुणे थोडा वेळ गप्प बसतात, मग तो खिळा पकडीनं काढून ‘हातानं घडवलाय बघा’ असं म्हणून डबीत ठेवतात. डबी भरत आली आहे.

शिसवीची गोष्ट वेगळी. जांभळट तपकिरी रंग, मधूनच एखादी काळी रेघ, हाताला घट्ट आणि जड. नुसतं पॉलिश पेपरनं घासत गेलं तरी तिच्यावर झळाळी चढते. कातताना तिची साल अखंड निघते आणि खाली वेटोळी पडतात, असं म्हणतात. ‘म्हणतात’ एवढ्याचसाठी की शिसवी कातताना मी मेहुण्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांच्याकडे शिसवीचा एक चौकोनी ठोकळा आहे. भेगा पडू नयेत म्हणून दोन्ही तोंडांना मेण लावलेला, पंच्यात गुंडाळलेला, कपाटात धोतराच्या घड्यांमागे ठेवलेला. दर दिवाळीला तो बाहेर निघतो, पुसला जातो आणि परत आत जातो.

‘याचं काय करणार?’ मी विचारतो.

‘त्याच्या लायकीचं काहीतरी सुचू दे की भावोजी.’

लग्नात आलेला काचेचा सेट जसा शोकेसमधून बाहेर येत नाही, कारण तेवढे मोठे पाहुणे अजून आलेले नसतात, तसं या ठोकळ्याचं झालं आहे. त्यात २०१७ मध्ये शिसवी, शिसम आणि त्यांच्या सगळ्या भाऊबंदांचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आला. जंगलातली जुनी शिसवी विरळ झाली होती, तेव्हा हे व्हायलाच हवं होतं. ही बातमी वाचल्यावर मेहुण्यांनी ठोकळ्याला आणखी एक पंचा गुंडाळला.

मेहुण्यांमुळे या छंदातली बरीच मंडळी माझ्या ओळखीची झाली. प्रत्येकाकडे असा एक ठोकळा आहे. एकाकडे अंदमानी पडौक, एकाकडे ऑस्ट्रेलियातल्या मुलीनं सुटकेसमध्ये घालून आणलेली झाडाच्या बुंध्यावरची गाठ, एकाकडे टेंभुर्णीच्या पोटातला काळा गाभा. ही त्यांची आवडती लाकडं. यांना कोणीही हत्यार लावलेलं नाही. रोज कातायला काय घेता म्हणून विचारलं की सगळे थोडे खालच्या आवाजात सांगतात: आंबा, रेन ट्री, सुबाभूळ. म्हणजे फुकट मिळालेलं.

वहिनींची मागणी पहिल्या दिवसापासून साधी होती. गॅरेजात लेथ आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, ‘चला, लाटणं तरी घरचं होईल.’ त्यानंतर मेहुण्यांनी वाडगे केले. फुलदाण्या केल्या, ज्यांत पाणी घालायचं नाही. झाकणाचे डबे केले, ज्यांची झाकणं पावसाळ्यात निघत नाहीत आणि उन्हाळ्यात बसत नाहीत. बॉलपेनं केली, आणि जावयांना, भाच्यांना, दाताच्या डॉक्टरांना वाटली. लाटणं मात्र राहिलं. ‘लाटणं काय, तुळशीबागेत मिळतं,’ हे त्यांचं उत्तर. वहिनींचं म्हणणं, वाडगेही तुळशीबागेत मिळतात आणि ते पाण्यानं धुता येतात.

अखेर एका संक्रांतीच्या सुमारास मेहुण्यांनी मनावर घेतलं. पहिलं लाटणं सागाचं. वहिनींनी ते नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, ‘कपाट उघडल्यासारखा वास येतो. पोळीला लागेल.’ दुसरं आंब्याचं. आंब्याची छिद्रं मोठी, त्यांत कणीक जाऊन बसली. शिवाय ओंडका पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे लाटण्याला कंबरेत बाक आला. तिसरं खैराचं. खैर म्हणजे ज्याच्या गाभ्यापासून पानात घालायचा कात निघतो ते झाड. त्याचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडेल की तरंगेल याची पैज लावावी इतकं जड. वहिनींनी ते एकदा उचललं आणि खाली ठेवलं. ‘मला पोळी लाटायचीय. डांबर नाही.’

चौथं लाटणं वहिनींनी दोन्ही हातांत फिरवून पाहिलं, एक डोळा मिटून त्याच्या धारेवरून नजर टाकली, मग ओट्यावर ठेवून हलकेच ढकललं. ते न डुगडुगता सरळ जाऊन मिक्सरला लागलं. ‘हे बरंय. कशाचं?’

‘बाभळीचं,’ मेहुणे पडेल आवाजात म्हणाले.

त्यांचा आवाज का पडला, हे मला कळलं. बाभूळ कोणाला सांगायची सोय नाही. ती शेताच्या बांधावर उगवते, तिचे काटे चपलेतून आरपार जातात, आणि चुलतभावानं ती ‘घेऊन जा, जागा मोकळी होईल’ असं म्हणून दिलेली असते. पण गावच्या सुतारांना हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. औत, गाडीचं चाक, कुऱ्हाडीचा दांडा, घाण्याची लाट अशी मार खाणारी जी जी वस्तू, तिला बाभूळ. लाकूड घट्ट, ओल सहज शिरत नाही, वजन हाताला झेपेल एवढंच. कातताना त्रास देते, हे खरं. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, पटाशी थोडी बोथट झाली की ती गुळगुळीत साल न देता नुसती खरवडल्यासारखी निघते. पण एकदा घासून झाली की पुन्हा तक्रार नाही. लाटण्याची निवड खरं तर इथेच संपायला हवी. मेहुण्यांना मात्र अजून वाटतं की शिसमाचं केलं असतं तर वहिनींनी जास्त कौतुक केलं असतं. ते त्यांनी अजून केलेलं नाही. शिसम महाग आहे.

आता फुकटच्या लाकडाकडे वळू, कारण खरी मजा तिथेच आहे.

जून-जुलैत वारा सुटून रस्त्यावरचं एखादं झाड कोसळलं की पुणेकरांचे दोन भाग होतात. बहुतेक जण हळहळतात, फोटो काढतात, सावली गेली म्हणतात. मोजके लोक मात्र गाडीची डिकी रिकामी करायला घरी जातात. मेहुणेही हळहळतात, मनापासून हळहळतात. पण हळहळताना त्यांची नजर बुंध्याच्या घेरावर असते. उभ्या झाडाला हात लावता येत नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा त्यांना बँकेच्या परिपत्रकांपेक्षा जास्त पाठ आहे. फांदी छाटायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. त्यामुळे कातणारा माणूस कायम वाट पाहत असतो, पावसाची, वाऱ्याची, आणि महापालिकेची करवत घेऊन येणाऱ्या माणसांची. त्या माणसांना चहा पाजण्यात मेहुण्यांचा खर्च बराच होतो.

पडलेल्या झाडांतही श्रेणी आहेत. गुलमोहर पडला तर मेहुणे गाडीतून उतरत नाहीत. मादागास्करहून आलेलं हे झाड रंगाला देखणं, पण लाकूड भुसभुशीत. निलगिरी वाळताना अशा पिळाने फाटते की कातायला काही उरत नाही. रेन ट्री पडला की मात्र मला फोन येतो, ‘भावोजी, तुमची गाडी घेऊन या, माझी भरली.’ दक्षिण अमेरिकेकडून आलेला हा वृक्ष आपल्या शहरांच्या रस्त्यांवर छत्र्या धरून उभा असतो. त्याचा गाभा चॉकलेटी, कडेचं लाकूड पिवळसर पांढरं, आणि दोघांच्या मधली सीमारेषा अशी स्वच्छ की वाडगा कातला की त्याच्या काठाला आपोआप पट्टा येतो. शिवाय बुंधा एवढा रुंद की परात होईल.

ओलं लाकूड कातताना काय होतं, ते पाहिल्याशिवाय कळणार नाही. लेथ फिरायला लागलं की लाकडातलं पाणी बाहेर उडतं, चष्म्यावर, भिंतीवर, छताच्या पंख्यावर. पटाशीखालून लांबच लांब ओल्या फिती निघतात आणि मेहुण्यांच्या दंडावर, खांद्यावर, डोक्यावर चढतात. धुळीचा प्रश्न नाही, धार टिकते, लाकूड गोड येतं. त्या अर्ध्या तासात मेहुणे सुखी असतात. मी नीट पाहिलं आहे: शिसवीचा ठोकळा पुसताना त्यांच्या चेहऱ्यावर आदर असतो, पण हसू फुटतं ते ओल्या, फुकटच्या, गटारीत अर्धं बुडालेल्या रेन ट्रीवर.

दुःख नंतर येतं. ताज्या लाकडात पाणी भरपूर असतं. ते उडून जाताना सुरुवातीला काहीच होत नाही. ओलावा तीस टक्क्यांच्या आसपास खाली आला की लाकूड आकसायला लागतं, आणि ते सगळीकडून सारखं आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं ते जेवढं आकसतं, तेवढं गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. दोहोंत साधारण दुपटीचा फरक असतो. म्हणून आज गोल कातलेला वाडगा चातुर्मास संपेपर्यंत लांबट होतो, आणि ओंडक्याचा मधला गाभा त्यात राहिला असेल तर उभा फुटतो. हे टाळायची एक रीत आहे. वाडगा आधी जाडजूड कातायचा, जेवढी रुंदी त्याच्या दहाव्या हिश्शाची भिंत ठेवायची, त्याच लाकडाच्या सालींसह कागदी पिशवीत घालायचा आणि महिनोन्‌महिने विसरायचा. तो हवा तसा वाकडा होतो; मग जाड भिंतीतून पुन्हा गोल काढायचा.

विसरण्याचं काम मेहुण्यांना जमत नाही. ते दर रविवारी सगळे वाडगे तोलतात. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, हा हिशेब. यासाठी स्वयंपाकघरातला काटा गॅरेजात गेला आणि वहिनींनी केक करणं सोडून दिलं. प्रत्येक वाडग्याच्या बुडावर पेन्सिलीनं तारखा आणि ग्रॅम लिहिलेले असतात. बँकेत त्यांनी ठेवींची अशी नोंद ठेवली होती की नाही मला माहीत नाही. पिशव्या पलंगाखाली, देव्हाऱ्यामागे, धान्याच्या पिंपावर, वॉशिंग मशीनच्या मागच्या फटीत असतात. घरात गेल्यावर कुठेही हात लावला की आधी कागद वाजतो.

एकदा एका ओंडक्यावरून मोठा प्रसंग ओढवला. पावसात महिनाभर पडून राहिलेल्या आंब्याच्या ओंडक्याला बुरशी लागते. ती लाकूड आतून खात जाते आणि दोन बुरशींची हद्द जिथे भिडते तिथे काळ्या रेघा उमटतात, बारीक, नागमोडी, एखाद्या जुन्या नकाशावरच्या नद्यांसारख्या. थोडं आधी कातलं तर रेघा नसतात, थोडं उशिरा कातलं तर लाकूड उरत नाही. मधले काही आठवडे साधलेला आंबा म्हणजे या छंदातलं मोठं भाग्य. सेंटरिंगची फळी म्हणून ज्याला कोणी विचारत नाही, तो आंबा कुजल्यावर देखणा होतो. मेहुण्यांनी असा एक ओंडका मागच्या अंगणात गोणपाट पांघरून ठेवला होता आणि रोज सकाळी गोणपाट उचलून ते पाहत होते. माहेरपणाला आलेल्या आमच्या हिनं अंगण झाडलं आणि ‘दादा, कुजकं लाकूड ठेवलंय, घरात वाळवी येईल’ असं म्हणून ते कचऱ्याच्या गाडीत दिलं. संध्याकाळी भावाबहिणीत काय झालं हे मी लिहीत नाही. रात्री जेवताना हिनं मला विचारलं, ‘अहो, कुजलेल्या लाकडासाठी कोणी रडतं का?’ मी वाटीकडे बघत राहिलो.

मेहुण्यांच्या वस्तूंना घराबाहेर एकच खरी मागणी आहे आणि तिला कलेशी काही देणंघेणं नाही. बिबळ्याचा पेला. बिबळ्याच्या गाभ्याचा पेला कातायचा, रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं. सकाळपर्यंत पाणी तांबूस पिवळं होतं, आणि मधुमेहाच्या मंडळींनी ते प्यायचं, असा आपल्याकडे जुना रिवाज आहे. आमच्या दोन्ही घरांत मिळून मधुमेह मुबलक. त्यामुळे प्रत्येक लग्नात, मुंजीत, बारशात कोणीतरी मेहुण्यांना कोपऱ्यात गाठतं. ‘पेला झाला का हो माझा?’ बिबळा कातायला बरा आहे, हाताला पिवळा रंग लागतो एवढंच. मेहुण्यांची खंत अशी की इतक्या सुबक काठाचा, इतक्या पातळ भिंतीचा पेला घेऊन लोक फक्त पाणी किती लाल झालं ते बघतात. पातळ भिंतीच्या पेल्यात पाणी लवकर रंगत नाही, तेव्हा जाड करा, अशी सूचनाही आली आहे. पेला घेणाऱ्या प्रत्येकाला ते एक चिठ्ठी देतात, ‘गोळ्या बंद करू नयेत.’ ती चिठ्ठी सगळे पाकिटात ठेवतात आणि साखरेचा चहा मागवतात.

एका सुट्टीत आम्ही दोन्ही कुटुंबं सावंतवाडीला गेलो. मोती तलाव पाहून झाला आणि चितारआळीत शिरलो. मेहुण्यांना तिथून बाहेर काढायला दुपार गेली. सावंतवाडीची लाकडी फळं, भाज्या, खेळणी घराघरांत गेली, ती बव्हंशी पांगाऱ्याची. पांगारा म्हणजे फाल्गुनात लालभडक फुलणारं, अंगभर काटे असलेलं झाड. लाकूड मऊ, पांढुरकं, इतकं हलकं की हातात धरलेलं फळ पोकळ वाटावं. मेहुण्यांनी एका वयस्क कारागिराला विचारलं, ‘यात रेघा नाहीत, रंग नाही, गाठ नाही. कंटाळा नाही येत?’ कारागीर म्हणाला, ‘साहेब, गाठ आली की हत्यार अडतं. रेघ आली की रंगाखालून दिसते. काही नाही, तेच चांगलं.’

कर्नाटकात चन्नपट्टणच्या खेळण्यांनाही असंच बिनचेहऱ्याचं लाकूड लागतं. ते आपल्या काळ्या कुड्याचं. पांढरंशुभ्र, बारीक पोताचं, कातल्यावर गुळगुळीत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला बसते, आणि वरून केवड्याच्या जातीच्या पानानं घासलं की ती आरशासारखी चमकते. मुलानं चोखलं तरी चिंता नाही. पोटासाठी कातणाऱ्याला लाकडाकडून एवढंच हवं असतं: अडवू नको, फुटू नको, रंग धर. छंदिष्टाला मात्र लाकूड जेवढं त्रास देईल तेवढं ते ‘स्वभावाचं’ वाटतं. गाठ, भेग, किडीचं भोक, बुरशी, वाकडे तंतू, साल चिकटलेला काठ, या सगळ्यांसाठी तो जीव टाकतो. सावंतवाडीहून परतताना मेहुण्यांनी पांगाऱ्याचा एक ठोकळा मागून आणला, त्यात काही सापडतं का ते पाहायला. काही सापडलं नाही. तो तसाच पडून आहे.

कोकणात फणसही आहे. ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, वर्षं जातील तसा काळसर तांबूस. बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवायला याच्याच लाकडाचा रंग वापरत, आणि दक्षिणेत मृदंग याच्याच खोडाचा करतात. फणसाबद्दल मेहुण्यांना फार बोलता येत नाही, कारण कोकणातल्या कोणत्याही घरातून फणसाचा ओंडका मागितला की आधी तो फणस कापा होता की बरका, कोणत्या आजीनं लावला, कोणत्या काकानं वाटणीत मागितला, हे सगळं ऐकावं लागतं. शेवटी ओंडका मिळतच नाही. घरात कोर्टकचेरी चालू असते.

यंदाच्या वैशाखात वहिनींनी गच्चीवर कुरडया घातल्या. मला निरोप आला होता की दुपारी येऊन कावळ्यांकडे लक्ष द्या. वर गेलो तर लांबलचक प्लास्टिक पसरलेलं, त्यावर कुरडयांच्या रांगा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडांवर वजनं ठेवलेली. दगड नव्हते. एका कोपऱ्यात खैर, एका कोपऱ्यात बाभळीचा ओंडका, एका कोपऱ्यात चिंचेची ढेपळी, आणि चौथ्या कोपऱ्यात दोन्ही पंचे काढलेली शिसवी.

‘वहिनी, हे...’

‘दगड खालून आणायचे म्हणजे चार जिने,’ वहिनी म्हणाल्या. ‘आणि भावोजी, खरं सांगू? खैरासारखं लाकूड नाही. सकाळपासून जागचं हललं नाही. चिंच बरी. बाभूळही धरून ठेवते. मधल्या कडेला ते सावंतवाडीचं ठेवलं होतं, ते प्लास्टिक घेऊन त्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं. सागाची फळीही एकदा सरकली. नाव मोठं नुसतं.’

‘आणि शिसवी?’

‘चांगली आहे. कपाटात काय करत होती इतकी वर्षं?’

एवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मेहुणे झोपेतून उठून वर आले होते. गच्चीच्या दारातच त्यांना ठोकळा दिसला आणि ते अनवाणी तापलेल्या फरशीवरून धावले. ‘अगं उन्हात! तोंडाचं मेण वितळलं! तडा जाईल!’ त्यांनी ठोकळा उचलून छातीशी धरला. प्लास्टिकचा कोपरा लगेच उठला आणि कुरडयांची अख्खी रांग गोल फिरून आत वळली.

‘आधी दुसरं काहीतरी ठेवा, मग उचला,’ वहिनी ओरडल्या.

मेहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं. हाताशी काही नव्हतं. ते शिसवी मांडीवर घेऊन कोपऱ्यावर मांडी घालून बसले. वहिनींनी रांग सरळ केली, चारही कोपरे तपासले आणि डोक्यावर पदर घेऊन जिन्याकडे निघाल्या.

‘पाचपर्यंत हलू नका. खैरापेक्षा तुम्हीच बरे.’